पडद्याआडची नवरी

वांगं चिरायला घेताना आपण आधी त्याची टोपी काढून टाकतो. देठाजवळची ती हिरवी, थोडी काटेरी टोपी म्हणजे मूळच्या फुलाचाच एक भाग. शाळेच्या पुस्तकात तिला निदलपुंज म्हणतात. फूल कळीत असताना त्याला सांभाळायचं, एवढं तिचं काम. फूल उमललं, पाकळ्या गळल्या, फळ धरलं की बहुतेक झाडांत या निदलांची नोकरी संपते. वांग्यात ते टोपी होऊन राहतात, टोमॅटोत देठाशी हिरवी चांदणी होऊन राहतात. पण वांग्याच्याच कुळात एक झाड असं आहे, की त्याचे निदल निवृत्त व्हायला तयारच नसतात. फळ धरल्यावर ते नव्या जोमाने वाढू लागतात, फुगतात, टोकाशी एकमेकांना मिळतात आणि त्या फळाला चहूबाजूंनी झाकून टाकतात.

हे आवरण सुरुवातीला हिरवं असतं. उन्हाळा सरता सरता ते पिवळसर होतं आणि मग एकदम भडक केशरी. कागदासारखं पातळ, शिरांवर ताणलेलं, दोन इंचांच्या आसपासचं. आत, मधोमध, बोराएवढं एकच लालचुटूक फळ. झाड जेमतेम गुडघ्याच्या वर जातं, पण त्याच्या एकेका फांदीला ओळीने असे आठ-दहा कंदील लटकलेले दिसतात. दिवाळीत चाळीच्या गॅलरीतून लागलेले आकाशकंदील कुणी लहान करून झाडाला टांगावेत, अगदी तसे.

दक्षिण युरोपपासून इराण, चीन ओलांडून थेट जपानपर्यंत थंड हवेच्या मुलखात हे झाड उगवतं. इंग्रजीत त्याला ‘चायनीज लँटर्न’ म्हणतात. आज जगभर ते शोभेसाठी लावलं जातं आणि त्याच्या वाळलेल्या फांद्या फुलदाणीत महिनोन् महिने टिकतात. पण शोभेचं झाड ही त्याची अलीकडची ओळख. त्याआधी दोन हजार वर्षं माणसाने त्याला कामाला जुंपलेलं होतं. हकिमाच्या पुडीत, मुलांच्या खेळात, पितरांच्या पूजेत आणि एका अशा कामातही, ज्याबद्दल उघड बोललं जात नसे. त्या सगळ्याची ही हकीगत.

आपल्याला हे झाड परकं वाटेल, पण त्याची भावंडं आपल्या ओळखीची आहेत. हिवाळ्यात फळवाल्याकडे कागदी कवचातली पिवळीधमक फळं येतात. आपण त्यांना ‘रासबेरी’ म्हणतो. खऱ्या रास्पबेरीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ती दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडची. दुसरं भावंड म्हणजे पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी चिरबोटी. तिचं फुगीर फळ कपाळावर आपटून ‘फट्’ असा आवाज काढला नाही, असं खेड्यात वाढलेलं मूल विरळाच. या घराण्यातल्या बहुतेक जाती अमेरिकेतल्या आहेत. जुन्या जगात मुरलेलं आणि जुन्या वैद्यांना ठाऊक असलेलं हे कंदिलाचं झाड मात्र त्यांच्यात वेगळं पडतं. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ हल्ली त्याची चूल वेगळी मांडतात. पूर्वी त्याला ‘फायसॅलिस अल्केकेंगी’ म्हणत, आता ‘अल्केकेंगी’ हेच त्याच्या स्वतंत्र प्रजातीचं नाव झालं आहे.

माझ्यासारख्या, घरात उर्दू आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत वाढलेल्या माणसाला या नावापाशी थांबावंसं वाटतं. ‘फायसॅलिस’च्या मुळाशी ग्रीक भाषेतला फुगा किंवा मूत्राशय या अर्थाचा शब्द आहे. आणि ‘अल्केकेंगी’? ते लॅटिन वाटतं, पण लॅटिन नाही. तो अरबी ‘अल-काकंज’. अल्जिब्रा आणि अल्कोहोल यांच्या आधी जसं अरबीचं ‘अल’ बसलेलं आहे, तसंच इथंही. पुढे युरोपातल्या वैद्यांनी अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं वाचली आणि औषधाबरोबर त्याचं नावही उचललं. कार्ल लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा हे नाव त्याने तसंच ठेवलं. युनानी हकिमांच्या यादीत आजही ते ‘काकनज’ म्हणूनच आहे.

पण या झाडाचं सर्वांत सुरेख नाव फारसी भाषेत आहे. ‘अरूस-दर-पर्दा’, म्हणजे पडद्याआडची नवरी. केशरी ओढणीआड लाल शालू नेसून बसलेली. फ्रेंच लोकांनी त्याच फळाकडे पाहिलं आणि त्याला ‘पिंजऱ्यातलं प्रेम’ म्हटलं. जपान्यांनी कंदील पाहिला आणि वैद्यांनी मूत्राशय. वस्तू एकच, पाहणारे चार. आणि गंमत अशी, की ज्याला जे दिसलं, त्यावरून त्याने झाडाचा उपयोग ठरवला.

वैद्यांपासून सुरुवात करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. आजच्या तुर्कस्तानात त्याचं गाव होतं. त्याने औषधी वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला, तो पुढची पंधराशे वर्षं वैद्यांचा आधार होता. त्यात हे झाड आहे. फळ लघवी साफ करतं आणि काविळीवर चालतं, असं त्याने नोंदवलं. त्याने झाडाला दिलेल्या दुसऱ्या एका ग्रीक नावाचा वारसा आपल्याकडच्या कपाळफोडीला मिळालेला आहे. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘हॅलिकाकाबम’ हे त्याच नावावरून आलेलं. कपाळफोडीचं कूळ वेगळं, पण फळ तसंच फुगीर. पाहणाऱ्याची नजर फुग्यावर खिळली की कुळाकडे कोण पाहतो?

नवव्या शतकात बगदादमध्ये डायोस्कोरिडीसच्या ग्रंथाचं अरबीत भाषांतर झालं. पुढे इब्न सीनाने आपल्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात काकंजला जागा दिली. मूत्रपिंड आणि मूत्राशय यांच्या जखमांवर ते वापरावं, असं तिथून परंपरेत रुजलं. काकनज आणि इतर द्रव्यं एकत्र वाटून केलेली ‘कुर्स-ए-काकनज’ नावाची वडी युनानी औषधांत आहे. कुर्स म्हणजे वडी. लघवीची जळजळ, लघवीतून रक्त जाणं अशा तक्रारींसाठी हकीम ती देत आले.

आता तुम्ही म्हणाल, फळ मूत्राशयासारखं दिसतं म्हणून मूत्राशयाला दिलं, यात शास्त्र कुठलं? शंका रास्त आहे. ‘जसं रूप तसा गुण’ ही समजूत जगभर होती. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून डोक्याला चांगला, असं आपणही म्हणतोच. पण वैद्य केवळ रूपाला भुलले, असं म्हणणंही न्यायाचं होणार नाही. रूपाने त्यांना आधी काय करून पाहावं ते सुचवलं असेल, पण रोग्याचा अनुभवही ते टिपून ठेवत होते. चीनमध्ये पाहा. तिथे या झाडाच्या वाळलेल्या कंदिलाला ‘जिन देंगलोंग’, म्हणजे जरीचा कंदील म्हणतात आणि तो देतात घसा बसला, सुजला, खोकला झाला तर. चीनच्या सरकारी औषधकोशातही तो आहे. कंदील आणि घसा यांच्यात दिसण्यातलं काही साम्य नाही. म्हणजे तिथे रूपापेक्षा अनुभवाने वाट दाखवली असावी.

आणि झाड काही नुसतं पाणी नाही. 1969 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून ‘फायसॅलिन’ नावाचं कडू द्रव्य वेगळं केलं. त्यानंतर त्या गटातली कितीतरी द्रव्यं सापडली. सूज, जंतू, गाठी यांच्यावर त्यांचा काही परिणाम होतो का, याचे प्रयोग चालू आहेत. हे प्रयोग बहुतेक काचेच्या बशीत किंवा उंदरांवर झालेले आहेत, हे मात्र विसरू नये. त्या भडक केशरी रंगामागे झिअॅझँथिन नावाचं रंगद्रव्य आहे. मक्याचा पिवळेपणा त्याचाच आणि आपल्या डोळ्याच्या पडद्यातही ते असतं.

आता जपानकडे वळू, कारण या झाडाला खरं घर मिळालं ते तिथे. जपानीत त्याला ‘होझुकी’ म्हणतात. इसवी सन 712 मध्ये लिहिलेल्या ‘कोजिकी’ या तिथल्या सर्वांत जुन्या ग्रंथात आठ डोक्यांच्या एका अजस्र सर्पाची कथा आहे. त्याचे लालभडक डोळे कशासारखे? तर होझुकीसारखे. पुढे तीनेकशे वर्षांनी मुरासाकी शिकिबू या दरबारी स्त्रीने ‘गेन्जी मोनोगातारी’ ही जगप्रसिद्ध कादंबरी लिहिली. तीत एका तरुणीच्या भरलेल्या गालांना होझुकीची उपमा आहे. एकाच फळात एकाला राक्षसाचा डोळा दिसला आणि एकीला मुलीचा गाल. कवींना यात नवल वाटू नये.

गालांचा आणि या फळाचा आणखीही एक संबंध आहे. जपानी मुली होझुकीची पिपाणी करत. पिकलेलं फळ बोटांत हळूहळू चोळून मऊ करायचं. देठाजवळच्या छोट्याशा भोकातून टाचणीने किंवा काडीने आतला गर आणि बिया जराजराशा बाहेर काढायच्या. साल फाटली की खेळ संपला. पोकळ झालेली साल धुऊन तोंडात ठेवायची, तिच्यात हवा भरायची आणि जिभेने दाबायची. बेडकासारखा एक चिवट आवाज निघतो. चिरबोटी फोडायला क्षण पुरतो, ही पिपाणी करायला दुपार लागते. आईने मुलीला, मोठ्या बहिणीने धाकटीला शिकवत हा खेळ शेकडो वर्षं चालत आला. सजूनधजून बसलेल्या गेशाही तो खेळत. आता मुलांच्या हातात दुसरी खेळणी आली आणि ही कला आजीबाईंपाशी उरली आहे.

टोकियोच्या असाकुसा भागात सेन्सोजी नावाचं जुनं बौद्ध मंदिर आहे. तिथल्या देवतेचं नाव कान्नोन. आपल्या कान्हेरीच्या आणि अजिंठ्याच्या लेण्यांत जो अवलोकितेश्वर आहे, त्याचंच हे जपानी रूप. या मंदिराच्या आवारात दरवर्षी 9 आणि 10 जुलैला होझुकीची जत्रा भरते. शंभराच्या आसपास दुकानं लागतात. कुंड्यांतून अर्धे हिरवे, अर्धे केशरी कंदील डुलत असतात आणि सोबत वाऱ्याने किणकिणणाऱ्या काचेच्या घंट्या. 10 जुलैच्या दर्शनाचं पुण्य म्हणे 46,000 दिवसांच्या दर्शनाइतकं. हिशेब केला तर सव्वाशे वर्षांहून जास्त. म्हणजे एका फेरीत आयुष्यभराची भरपाई!

पण पुण्याच्या दिवशी होझुकीच का? याचं उत्तर औषधात आहे. टोकियोचं जुनं नाव एदो. अठराव्या शतकात तिथल्या आतागो देवस्थानाच्या जत्रेत होझुकी विकत आणि सांगत, की हे फळ न चावता पाण्याबरोबर गिळलं तर मोठ्यांच्या पोटातली कळ जाते आणि मुलांचे जंत पडतात. लोक श्रद्धेने रोपं नेत. पुढे ही जत्रा असाकुसात जास्त रंगली आणि तिथलीच होऊन गेली. आज फळ गिळणारं कुणी नाही, कुंडी मात्र सगळे नेतात. औषध मागे पडलं, शोभा उरली.

शोभेच्याही पलीकडचा उपयोग आहे तो ओबोनचा. ओबोन म्हणजे जपानचा पितृपक्ष म्हणा ना. टोकियोत जुलैच्या मध्याला, बाकी बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्याला हे तीन-चार दिवस येतात. त्या दिवसांत घरातले गेलेले लोक परत भेटायला येतात, अशी श्रद्धा. पहिल्या संध्याकाळी दारात छोटा जाळ करून त्यांना बोलवायचं, शेवटच्या संध्याकाळी तसाच जाळ करून निरोप द्यायचा. घरात त्यांच्यासाठी एक चौरंग मांडतात. त्यावर फळं, भाज्या, आणि काकडीला व वांग्याला काड्यांचे पाय लावून केलेली दोन जनावरं. काकडीचा घोडा, कारण येताना त्यांनी लवकर यावं. वांग्याचा बैल, कारण जाताना सावकाश जावं. आणि या चौरंगावर टांगलेल्या असतात होझुकीच्या फांद्या. अंधारात वाट चुकू नये म्हणून हे कंदील. होझुकी लिहिण्याच्या एका पद्धतीत दोन चिन्हं येतात, एक भुताखेताचं आणि एक दिव्याचं. काही जण असंही म्हणतात, की आलेल्या जिवांना शरीर नसतं, मग त्यांनी राहायचं कुठे? तर या पोकळ कंदिलात.

हे वाचताना आपल्याला काही अनोळखी वाटत नाही. आश्विन अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून उल्कादान करतात. शब-ए-बरातला कबरीवर दिवे लावून फातेहा वाचतात. गेलेल्याच्या वाटेवर उजेड असावा, ही इच्छा धर्म विचारून येत नाही. जपान्यांना तो उजेड बाजारात झाडालाच लागलेला मिळाला, इतकंच.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती टाळून पुढे जाता येईल, पण मग हकीगत अर्धी राहील. एदोच्या काळात होझुकीचं मूळ गर्भपातासाठी वापरलं जाई. घरात खाणारी तोंडं जास्त आणि धान्य कमी, अशा वेळी ते वापरलं जाई. वेश्यावस्तीतल्या बायकांवर ते वापरलं जाई. एदोची सर्वांत मोठी वेश्यावस्ती योशिवारा 1657 नंतर असाकुसाच्या अगदी जवळ होती. म्हणजे ज्या भागात पुण्याच्या दिवशी होझुकीच्या कुंड्या विकल्या जात, त्याच भागात त्याच झाडाच्या मुळाला वेगळं गिऱ्हाईक होतं. या झाडात गर्भाशयाला आकुंचन आणणारी द्रव्यं आहेत, असं सांगतात. इराणमध्ये उंदरांच्या माद्यांवर झालेल्या प्रयोगांतही त्याच्या अर्काने गर्भधारणेत बाधा आल्याचं दिसलं. पण मूळ किती घ्यायचं, याचं माप कुणाकडे नव्हतं. रक्तस्राव थांबला नाही, जखम चिघळली, की गर्भाबरोबर बाईही जाई. अशा बायकांची नावं कुठल्या ग्रंथात नसतात.

जपानमध्ये एक जुनी समजूत आहे, की अंगणात होझुकी लावू नये, घरातलं आजारपण हटत नाही. इतकं देखणं, पूजेला चालणारं झाड, मग त्यावर हा डाग का? मला वाटतं, याचं उत्तर त्या मुळाशी आहे. कुणाच्या अंगणात हे झाड आहे, यावरून शेजारीपाजारी काय कुजबुजत असतील, ते आपण समजू शकतो. जन्माला न आलेल्या मुलांना जपानीत ‘मिझुको’ म्हणतात, म्हणजे पाण्यातलं मूल. त्यांच्यासाठी मंदिरांतून लाल अंगड्यातल्या छोट्या दगडी मूर्ती मांडलेल्या दिसतात. गेलेल्यांना वाट दाखवणारं झाड आणि न आलेल्यांना परत पाठवणारं झाड एकच होतं. ओबोनच्या चौरंगावर फांदी टांगताना एखाद्या बाईच्या मनात दोन्ही आठवणी एकदम आल्या असतील.

वांग्याच्या कुळाचा हा स्वभावच आहे. वांगी, बटाटे, टोमॅटो, मिरची ही आपली रोजची भाजी त्यातली, आणि धोत्रा, तंबाखूही त्यातलेच. अन्न, औषध आणि विष या घरात एकाच छपराखाली राहतात. हिरवा पडलेला बटाटा फेकून द्यावा, असं घरातल्या बायका सांगतात ते याच कारणाने. कंदिलाच्या झाडाची पानं, कच्चं फळ आणि तो सुंदर कंदील स्वतः, हे विषारी आहेत. पूर्ण पिकलेलं फळ काही ठिकाणी खातात, पण शोभेच्या जातीचं फळ कडवट असतं. जपानमध्ये ‘खायची होझुकी’ म्हणून जी मिळते, ती दुसऱ्याच जातीची, आपल्या रासबेरीच्या नात्यातली. गर्भवती स्त्रीने तर या झाडाच्या वाटेला जाऊच नये. हल्ली ‘पारंपरिक’ म्हटलं की ते निर्धोक, असा एक समज पसरला आहे. परंपरेला स्वतःला तो समज नव्हता. हकीम काकनज मोजून देत, इतर द्रव्यांबरोबर देत आणि रोगी बघून देत. पुडी त्यांच्या हातून यायची, परसातून नाही.

शेवटी एक साधी गोष्ट. हा कंदील पाण्यात दहा-पंधरा दिवस बुडवून ठेवला किंवा बागेत तसाच पावसात राहू दिला, की त्याचं केशरी अंग कुजून जातं आणि नुसत्या शिरांची बारीक जाळी उरते. त्या जाळीत मधोमध लाल फळ तसंच. जपानी लोक मुद्दाम अशी जाळी तयार करतात. त्या अवस्थेत पडदाही राहत नाही, पिंजराही नाही आणि कंदीलही नाही. आपण चढवलेली सगळी नावं गळून पडलेली असतात. राहतं ते एक फळ आणि त्यात पुढच्या वर्षीच्या बिया.

या हिवाळ्यात रासबेरी खाताना तिचं कागदी कवच लगेच टाकून देऊ नका. क्षणभर उजेडासमोर धरून पाहा. त्यातल्या शिरा न्याहाळा. आणि कधी फुलवाल्याकडे तिचं केशरी भावंड दिसलं तर जरूर घरी आणा. फुलदाणीत ठेवा, आल्या-गेल्याला त्याची गोष्ट सांगा. तोंडात मात्र घालू नका.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)